सगळे म्हणाले, वायर मी तोडली

मला वाटलं होतं, घरी फोन आला म्हणजे तो आपला झाला. केवढा हा भाबडेपणा!

मी इंग्लंडात शिकत होते तेव्हा बाबांचं पत्र आलं होतं, की नंबर लावून लावून अखेर आपल्याला फोन मिळाला. पत्र वाचताना मला सगळं दिसलं. वाशीचं आमचं नवं घर, बुद्धाच्या तसबिरीखाली काळा चकचकीत फोन आणि शेजारी खुर्चीत ऐटीत बसलेले बाबा. परत आले तर फोन होता, तसबीर होती, खुर्चीही होती. खुर्चीत मात्र खालच्या साने काकू बसल्या होत्या आणि दादरच्या बहिणीला भाजणीचं प्रमाण ओरडून सांगत होत्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे, हातात स्वतःचा चहा धरून.

"बाबा, ह्या रोज येतात?"

"ह्याच कशाला, सगळेच येतात की," बाबा म्हणाले. जसं काही घराला भिंती असतात तसेच फोनला शेजारी असतात.

तुमच्यातल्या लहानांना 'पी.पी.' हा प्रकार ठाऊक नसेल. शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून सगळीकडे द्यायचा आणि त्यापुढे 'पी.पी.' लिहायचं. फोन शेजाऱ्याकडे वाजणार, शेजाऱ्याने आपल्याला हाक मारायची. आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत फोन एकच. त्यामुळे आमचा नंबर साने काकांच्या शिकवणीच्या पाटीवर होता, वरच्या मजल्यावरच्या मोऱ्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेवर होता. परभणीकडून आलेले माझे बाबा कुणाकुणाला बोलावायला दिवसभर जिने चढत-उतरत होते आणि त्यातच त्यांना कोण आनंद!

आणि मी? शिष्यवृत्तीवर समाजशास्त्र शिकून आलेली, देश सुधारायला तयार. माझं एक ठाम मत होतं. आपल्याकडे काहीही बिघडलं की कोणी जबाबदारी घेत नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे मी तिकडे निबंधात लिहिलं होतं, आणि त्याला चांगले मार्कही पडले होते.

आल्यावर पहिल्याच रविवारी मी जिना साफ करायला घेतला. काय नव्हतं त्या जिन्यात! जयंतीच्या पताकांच्या सुतळ्या, गणपतीतल्या रोषणाईच्या उरलेल्या तारा, कुणाच्या तरी अँटेनाची पट्टी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि या सगळ्यावर कबुतरांचा संसार. शिडी लावली, पक्कड घेतली आणि भिडले. दुपारपर्यंत जिना असा लखलखला की साने काकू चपला हातात घेऊन चढल्या! भंगारवाला खालीच उभा होता, तो सगळं गुंडाळून घेऊन गेला. मी आंघोळ करून समाधानाने झोपले.

संध्याकाळी नीता आली. नीता म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या सावंत काकांची मोठी मुलगी. काकांच्या तुर्भ्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं, आणि घरात कमावतं दुसरं कोणी नाही. नीताने ठाण्याच्या एका ऑफिसात मुलाखत दिली होती. ते म्हणाले होते, सोमवारी नाहीतर मंगळवारी दुपारपर्यंत फोन करू, नाही लागला तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावू.

"ताई, फोन चालू आहे ना गं? उगाच आपलं बघावं म्हटलं."

मी रिसीव्हर उचलला. आत काही नाही. ना घरघर, ना खरखर. कान लावून बसले तर माझा मलाच श्वास ऐकू आला.

नीताचा चेहरा पाहिला आणि माझ्यातला समाजसुधारक ताडकन उठला. "काळजी करू नकोस. उद्या सकाळी मी स्वतः एक्स्चेंजवर जाते. फोन बंद पडला ही त्यांची जबाबदारी आहे आणि ती मी त्यांना घ्यायला लावते!"

बाबा म्हणाले, "अगं, कशाला नादी लागतीस? सावंत बघतो म्हणलाय."

"बाबा, 'कोणीतरी बघतो' इथेच सगळं अडतं!"

सोमवारी सकाळी एक्स्चेंज उघडायच्या आधी मी दारात. खिडकीतल्या कारकुनाने डोळे वर न करता विचारलं, "बिल्डिंगमधली वायर बघितली का?"

"बघितली. मी स्वतः जिना साफ केलाय कालच. एकही लोंबती वायर नाही!"

आता त्याने डोळे वर केले. "एकपण नाही?"

"एकपण नाही!" मी अभिमानाने म्हटलं.

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, प्रभावित झाला.

"मॅडम, तुमच्या बिल्डिंगचा आत्ताच एक फोन आला. मेडिकलमधून. कोण सावंत. बोलले, वायर माझ्याकडून तुटली, लाइनमन पाठवा. दुपारी पाठवणार होतो."

बघा! माझं डोकं सणकलं. तक्रार करायला गेलेल्या गरीब माणसाला यांनी गुन्हेगार करून ठेवलं! मी तिथे उभ्या उभ्या भाषण दिलं. ग्राहकाला दोषी धरायची ही जुनी खोड आहे, नोकरी गेलेला माणूस दबावाखाली काहीही कबूल करेल, वगैरे. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. त्याने मला आणखीच चेव चढला.

"ती तक्रार रद्द करा. माझी घ्या. इमारतीतली वायर ठीक आहे, दोष तुमच्याकडचा आहे."

"लिहून देता?"

"देते की! सहीनिशी!"

कारकुनाने कागद वाचला, टाचणी लावली. "मग लाइनमन नाही येणार. हे आता रस्ता खणणाऱ्या केबलवाल्यांकडे जाईल."

"ते कधी येतील?"

"येतील ना."

मी विजयी मुद्रेने घरी आले. दुपारी कोणी आलं नाही. संध्याकाळी मी गच्चीवर बैठक बोलावली. विषय एकच: जबाबदारी कोणाची? मी टाकीला पाठ लावून उभी, समोर सतरंजीवर सगळे. तयारी पक्की होती. आता शांतता पसरेल, लोक एकमेकांकडे पाहतील, मग मी निबंधातला तिसरा मुद्दा काढेन.

"फोन बंद पडायला कोण जबाबदार, हे आज आपण ठरवू या," मी म्हटलं.

"मीच," साने काकू म्हणाल्या.

"काय?"

"माझी कपड्यांची दोरी त्या वायरीला बांधलेली होती. ओल्या चादरीने ओढली गेली असेल. लिही माझं नाव."

"छे छे काकू, तुमची चादर कसली," मोरे म्हणाले. "माझी अँटेना सरकवताना मीच हिसका दिला. मला तेव्हाच वाटलं होतं."

"गप बसा रे दोघं," सावंत काका म्हणाले. "मी कपाट वर चढवताना तोडली. एक्स्चेंजला सांगून पण झालं. विषय संपला, खाली चला."

मी थक्क. माझी सगळी विद्या एका सतरंजीवर पालथी पडली होती. इथे तर जबाबदारीसाठी भांडण चाललं होतं!

"काका, घाबरू नका," मी गहिवरून म्हटलं. "तुमची ती तक्रार मी सकाळीच रद्द करून आलेय."

काका उठता उठता थांबले. "काय केलंस गो?"

"रद्द केली. लिहून दिलं, वायर ठीक आहे म्हणून."

मोऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मलाच पद्धतशीर चौकशी करायची हुक्की आली. "वायर तुटली कुठे, ते तरी दाखवा. तिघांनी एकदम."

तिघांनी एकदम बोट खाली केलं. "पहिल्या नि दुसऱ्या मजल्याच्या मधे, वळणावर."

"तिथे? तिथे कसली वायर? ती जागा तर रविवारी मी स्वतः..."

मला माझी पक्कड आठवली.

सगळे आकाशाकडे पाहू लागले. आई म्हणाली, "चहा टाकते." साने काकू म्हणाल्या, "मी येते मदतीला." चार कप चहाला दोन बायका!

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शिडी कोणी धरलेली?" सावंत काका म्हणाले. "मी बोललो तुला, ती काळी राहू दे गो, कामाची असेल. तू म्हणालीस, काका, 'कामाची असेल' म्हणूनच देशात एवढा कचरा साठलाय."

म्हणाले होते मी. शब्दाला शब्द.

"मग तेव्हाच ओरडायचं ना मला!"

"कशाला? आमच्याकडे कोणाचा फोन आला की तुझा बाप ताटावरून उठून येतो हाक मारायला. त्याची पोर एवढ्या लांबून आली, हौसेने जिना झाडला. तिला चारचौघांत सांगू काय, बाय, तू फोन कापलास?"

"आम्ही तर परस्पर जोडलीपण असती," मोरे हळूच म्हणाले. "पण जोडायला काही उरलंच नव्हतं. तुम्ही भंगारात दिली ना सगळी."

एवढ्यात नीताने विचारलं, "मग उद्या फोन नाहीच येणार?" अगदी साध्या आवाजात.

त्या रात्री मी कबुलीजबाब लिहिला. सुंदर लिहिला, खोटं कशाला बोलू. नागरिकाचं कर्तव्य, सत्याची चाड, सगळं होतं त्यात. सकाळी एक्स्चेंजवर नेऊन द्यायचा म्हणून जिना उतरले तर पहिल्या मजल्यावर सावंत काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"कुठे निघालीस?"

"एक्स्चेंजला. खरं काय ते सांगायला."

"अगो बाय माझे! काल मी बोललो मी तोडली, तू बोललीस कोणीच नाही तोडली, आता बोलणार तूच तोडलीस. तिसरी तक्रार गेली तर फोन दिवाळीला पण नाही लागणार. मी जातो. सांगतो, पोरीला माहीत नव्हतं, वायर मीच तोडली. दोन शिव्या देतील, लाइनमन देतील."

"पण काका, ते खोटं आहे!"

त्यांच्या मागून नीता बाहेर आली. धुतलेली साडी, हातात सर्टिफिकेटांची पिशवी. फोनची वाट पाहण्यापेक्षा ती स्वतःच ठाण्याला निघाली होती. "ताई, तुझं खरं संध्याकाळीपण चालेल," ती म्हणाली. "माझी बस आत्ता आहे. मला ते ऑफिस एकटीला पुन्हा सापडायचं नाही. येतेस का?"

नोकरी लागली तिला, आधीच सांगते, म्हणजे तुमचा चहा घशाखाली उतरेल. ऑफिसातला माणूस म्हणाला, कालपासून लावतोय, रिंग जाते, कोणी उचलत नाही, आत्ता पुढच्या नावाला लावणारच होतो.

पण हे सगळं नंतर. त्या सकाळी जिन्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका हाताला सत्य होतं, दुसऱ्या हाताला ठाण्याची बस, आणि मधे माझ्या वाट्याच्या शिव्या खायला निघालेले सावंत काका, भांग पाडून. लोकांना जबाबदारी शिकवायला मी सात समुद्र ओलांडून आले होते. त्या सकाळी मी ठरवलं, नीताबरोबर जायचं, आणि ठाणं येईपर्यंत कंडक्टरकडे दोन तिकिटं मागण्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही.

नीता म्हणाली, "तिकिटं मीच मागते."