मार्चमध्ये दाखवलेलं घर

भांडुपचं आमचं तळमजल्याचं घर विकायला काढलं, तेव्हा एजंटने पहिल्याच भेटीत बजावलं, गिऱ्हाईक आणायचं ते पावसाळ्याच्या आत. "रंग काढून घ्या ताई," तो म्हणाला, "आणि पाण्याचा विषय आपण होऊन काढू नका."

आम्ही राहायला आलो तेव्हा घरात पाणी शिरत नव्हतं. रस्त्यावरून गेटात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. पुढे दर वेळी रस्ता नव्याने केला की तो थोडा वर यायचा. शेवटी गेटातून आत उतरायची वेळ आली. मग पाणी वर्षातून एकदा शिरायला लागलं, नंतर दोन-तीनदा. नवऱ्याने विजेचे सगळे बोर्ड छातीइतके वर नेले.

मार्चमध्ये एक जोडपं घर बघायला आलं. मुलीला सातवा महिना होता. बरोबर तिची सासू, मालवणकडची. मुलगा-सून खोल्या बघत होते, सासू मात्र भिंतीपाशी थबकली.

"ह्ये बोर्ड एवढे वर कित्याक लावलात?"

"लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून," नवरा पटकन म्हणाला. एजंट हसला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

मुलगी माझ्यामागोमाग ओट्यापाशी आली. तिचं पोट बघून मला राहवलं नाही.

"पाणी भरतं गं इथे," मी हळूच म्हणाले. "आधी मोरीतून बुडबुडे येतात, मग दारातून लोंढा. तान्हं बाळ घेऊन नको येऊस."

तिने वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकू, वरच्या मजल्यांचे भाव विचारून आलोय आम्ही. जिथे पाणी भरत नाही, तिथलं घर आम्हाला परवडत नाही."

त्यांनी घर घेतलं. आम्ही मुलुंडला नवव्या मजल्यावर राहायला गेलो.

जुलैत एका दुपारी तिचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"काकू, मोरीत बुडबुडे यायला लागलेत. आता किती वेळ असतो?"

"अर्धा तास," मी म्हणाले. "मेन स्विच बंद कर आणि बाळाला घेऊन वर जा."

फोन कटला, तो संध्याकाळपर्यंत लागेना. खिडकीतून समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती. नवरा टीव्ही बंद करून माझ्या शेजारी येऊन बसला.

शेवटी तिनेच फोन केला. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सगळी सुखरूप होती. पण अर्धा तास काही मिळाला नव्हता. दहा मिनिटांत पाणी कमरेला लागलं. सासूने बाळाला खांद्यावर टाकून कसाबसा जिना गाठला.

"तुमच्या वेळी इतक्या लवकर नव्हतं ना येत?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले.

आमच्या वेळी ते कमरेपर्यंतही कधी आलं नव्हतं.

ती मंडळी अजून तिथेच आहेत. पावसाळ्यात सासू दुपारची आडवी होत नाही म्हणे. पाट टाकून मोरीपाशी बसून असते.