डाव्या हाताची बटणं

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडपडदा कशाला? ती आमच्या परळच्या ऑफिसात माझ्या हाताखाली डिझायनर म्हणून आली आणि वर्षभरात साहेब माझ्याऐवजी तिच्या खुर्चीपाशी थांबायला लागले. ती भोईवाड्याची. दुपारी तिने बांगड्याच्या तिखल्याचा डबा उघडला की अख्खा मजला तिच्याभोवती. मी गिरगावची, ऑफिसात सहा वर्षांची जुनी, आणि माझी तोंडल्याची भाजी मला एकटीलाच संपवावी लागायची.

तेव्हा आम्ही दादरच्या एका मालवणी हॉटेलासाठी टेबल करत होतो. आठ जणांचं लांब टेबल, वरची काच म्हणजे एकच मोठा टचस्क्रीन. ओळख असो वा नसो, लोकांनी एकत्र बसायचं आणि ताटाशेजारच्या बटणांवर बोट ठेवून भात, सोलकढी, जे हवं ते मागवायचं. काही बटणं दोघांत मिळून एक अशीही होती. हॉटेलातली चाचणी नीट झाली की साहेब टीमचा प्रमुख नेमणार होते. ती जागा मला हवी होती. घरी तर मी ती मिळाल्यासारखंच सांगून बसले होते.

नमुन्याचं टेबल ऑफिसात आलं तेव्हा मी पहिला नियम केला, काचेवर खाणंपिणं बंद. एवढी महागडी काच, ओरखडा पडला तर? जेवणाच्या टेबलावर चार महिने घासभरही न खाता आम्ही काम केलं. आता हसू येतं, तेव्हा कुणालाच आलं नाही. एके दुपारी मी बाहेरून आले, तर बाईसाहेब त्याच टेबलावर डबा उघडून बसलेल्या. मी ओरडणार, तेवढ्यात तिने उजवा हात वर केला. पाचही बोटं रश्श्याने माखलेली.

"ताई, बटणं सगळी उजवीकडे ठेवलीस गं. आता मी भात कसा मागवू?"

"हात पुसायचा. टिश्यू असतील ना."

"दर वेळी? आणि माझ्या खरकट्या हाताचं बटण शेजारच्याने दाबायचं? ई! डावीकडे घे ना सगळी."

मी म्हटलं, बघू. आणि संध्याकाळपर्यंत जळत राहिले. आमच्या घरी खरकट्या हाताने डाव उचलला की आई मनगटावर फटका द्यायची. जेवताना डाव्या हाताने वाढून घ्यायचं, हे मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेलं. तरी सुचलं तिला! शनिवारी ऑफिसात कुणी नसताना मी सगळी बटणं डावीकडे नेली. सोमवारी तिने पाहिलं, "आता बरं झालं" म्हणाली आणि चहाला गेली. तोंड वाकडं केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

चाचणीच्या दिवशी हॉटेलमालकांनी आपल्या घरचीच माणसं टेबलावर बसवली. कोंबडी-वडे आले, उजवे हात माखले आणि डावी बोटं काचेवर भराभर चालायला लागली. मालक खूश. साहेबांसमोरच त्यांनी विचारलं, "बटणं डावीकडे, हे कोणाच्या डोक्यातनं आलं?"

ती माझ्या शेजारीच उभी होती.

"आमच्या घरचं वळणच तसं आहे," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा होता आणि मी धडधडीत खोटं बोलले होते.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक शंका आली असावी.

"हो सर," ती म्हणाली, "ताईच्या घरी फार शिस्त आहे."

प्रमुखाची जागा मला तिथल्या तिथे मिळाली. अभिनंदनं झाली. मालकांनी आग्रहाने पुढ्यात ठेवलेली सोलकढी मी तशीच ठेवून दिली. बाहेर पडताना मी तिला जिन्यात गाठलं. माफी मागायला नव्हे, राहवेना म्हणून.

"खरं का नाही सांगितलंस?"

"मग काय, सगळ्यांसमोर तुझं नाक कापू?" असं म्हणून ती खाली उतरलीसुद्धा.

तिच्या जागी मी असते तर कापलं असतं.