अक्काने धरलेली नाडी

दुपारचं जेवण झालं आहे. दिगंबर सोनटक्के आडवे होऊन पंख्याकडे बघताहेत. हळूहळू पाती दिसेनाशी होतात, नुसती घरघर उरते. सकाळपासून एकच गोष्ट मनात सलते आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, दोनदा तोल जाऊन पडलात. झोपेची गोळी हळूहळू कमी करू." दिगंबर तडक उठून घरी आले. वय झालं म्हणून आपल्याला वाऱ्यावर सोडताहेत, दुसरं काय!

घरघर वाढते. ते लातूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये उभे आहेत, जिथे त्यांची सगळी नोकरी झाली. बसखालच्या खड्ड्यातून अक्का वर येते. त्यांची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यातली सिस्टर. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पांढऱ्या साडीवर ऑइलचा एक डाग नाही.

"जेवलास का, दिगू?"

"जेवलो. गोळ्याही घेतल्या. नऊ."

"कशाकशाच्या?"

त्यांना पाचाच्या पुढे सांगता येत नाही. अक्का चालू लागते, आणि वर्कशॉपच्या पुढच्या भिंतीतून वॉर्ड सुरू होतो. खाटांवर चादरी पांघरून गिअरबॉक्स निजलेत. अक्का जाता जाता एकेकाची चादर सारखी करते.

जन्मभर लोकांना गोळ्या देणारी ही बाई. सत्तरी ओलांडल्यावर आपली सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढे जाऊन बसली, "यातलं मला आता काय लागतं, काय नाही?" घरचे हादरले. डॉक्टरांना विचारत, एकेक करत, वर्षभरात तिच्या अकरा गोळ्यांच्या पाच झाल्या. शेवटच्या महिन्यातही जिना स्वतः उतरायची, कुणाचा हात न धरता. दिगंबरांना तिचा केवढा अभिमान वाटायचा! बोलून मात्र कधी दाखवला नाही.

"अक्का, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. आठ-आठ दिवस धड झोप नव्हती. बीपीची सोडू का विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले. तेही ऐकलं."

"मला वाटलं, माझे डॉक्टर हात झटकताहेत."

"हात झटकणारा माणूस पुन्हा कधी यायचं ते सांगतो का रे?"

सांगत होते खरे. दर पंधरा दिवसांनी दाखवायला या, असं काहीतरी. पूर्ण ऐकलंच कुठे?

वॉर्डाला आता छत नाही. वर त्यांच्या लहानपणच्या शाळेमागची चिंच आहे, बारीक पानं खाली भुरभुरताहेत. अक्का त्यांचं मनगट हातात घेते आणि ओठ मिटून मोजत राहते.

"चांगली चालतेय," ती म्हणते. "जा."

ते जागे होतात. मनगटाच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी तीन लालसर ठसे आहेत, बोटांएवढे. दुसऱ्या हाताने ठसे झाकून ते बेतानं उठतात, बाहेर येतात.

"शुभदा," सुनेला हाक मारतात, "डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, सकाळी मी अर्ध्यातूनच उठलो. उरलेलं ऐकायला येतोय."