आत्याबाई रस्त्यात बसल्या

आमच्या कर्जत तालुक्यात माझ्या चुलतसासूएवढी, आत्याबाईंएवढी, जाड बाई दुसरी नव्हती, आणि कुणी आहे म्हणून सांगितलं असतं तर आत्याबाईंना ते खपलं नसतं. एस.टी.त एकदा कंडक्टरनं थट्टेनं दोन तिकिटं घ्यायला सांगितलं, तर म्हणाल्या घेते की, पण मग दुसऱ्या तिकिटाला खिडकीजवळची जागा दे. चुलीपुढं बसल्या की अर्धं घर त्यांचंच, आम्ही सुना कडेकडेनं जायचो. खायच्या किती म्हणाल, तर अर्धी भाकरी नि वाटीभर कोरड्यास. आमचं अंगण एकच, त्यांचं ताट कैकदा मीच वाढलेलं, तेव्हा मला कुणी शिकवू नये. त्यांची आई तशीच, बहीण तशीच, हाडच तसलं. पण बौद्धवाड्यातल्या बाईनं जाड असावं हे गावाला बघवत नसे. पाटलांचं पोट पाटलांच्या आधी चावडीत शिरायचं, त्याला लोक भारदस्त म्हणायचे. आत्याबाई दिसल्या की म्हणायचे, माजलीय. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि माळावर सरकारी रस्त्याचं काम निघालं. आम्ही बाया मुरमाच्या पाट्या वाहायला गेलो. आत्याबाईंना पोरबाळ नव्हतं, नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांना काम मिळालं नाही तर त्या घरात चूल पेटणार नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत. मुकादम पाटलांच्या भावकीतला. त्यानं आम्हाला घेतलं आणि आत्याबाईंना बाजूला काढलं. म्हणाला, "हे काम उपाशी मान्सांसाठी हाय. तू घरी जा, तुला वरीसभर काय व्हत न्हाई." त्याचे लोक फिदीफिदी हसले. मुडदा बशिवला त्यांचा!

आत्याबाई गेल्या नि जिथं मुरूम पडायचा होता तिथं, आखणीच्या मधोमध, पाय पसरून बसल्या. मुकादम ओरडला, घाण घाण बोलला, मग आपल्या माणसांना म्हणाला, उचला हिला. कुणी हलेना. हलणार कसं? उचलायचं म्हणजे शिवायचं. जिच्या हातचं पाणी चालत नाही तिच्या काखेत हात कोण घालणार? मुकादम स्वतःही दोन पावलं मागंच सरकला. मग त्यानं आमच्या वाड्यातल्या गड्यांना हुकूम सोडला. हे गडी बाजारात ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारे. त्यांनी आत्याबाईंच्या भोवती एक चक्कर मारली, उगीच वाकून बघितलं, आपलीच कंबर धरली आणि गंभीर तोंडानं सांगितलं, "आमच्यानं न्हाई व्हायचं. लई जड हाय." आम्ही पदर तोंडात कोंबून बसलो. मुरमाच्या बैलगाड्या एकामागं एक तुंबल्या. दुपारी साहेबाची जीप यायची होती, तसा मुकादमाचा चेहरा उतरला. तेव्हा कुठं आत्याबाई म्हणाल्या, "पाटी दे. माजी मी उठते." हातात काही त्यानं दिली नाही, लांबूनच फेकली. पण दिली.

पाऊस येईपर्यंत आत्याबाईंनी पाट्या वाहिल्या. उन्हातान्हात, पोटात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तीही नवऱ्याला भरवून उरेल तेवढी. अंग उतरलं, गालाची हाडं वर आली, दंडाची कातडी लोंबायला लागली. मुकादमाची बायको वाटेत भेटली तर म्हणते, आता कशी बरी दिसती तुमची सासू. बरी? उपाशी दिसत होती ती, डोळे फुटले होते का तुमचे? मी तसं तोंडावर बोलले आणि घरी येऊन बोलणी खाल्ली.

त्या दिवशी मी अंगणात त्यांची चोळी उसवून आत घेत बसले होते. आत्याबाई शेजारी बसून बघत होत्या. हसून म्हणाल्या, "आता रस्त्यात बसून भागायचं न्हाई, पोरी. आपल्या गड्यांला आता खोटं बोलाया येनार न्हाई."

मी मान खाली घालून टाके घालत राहिले. चोळीत आत घ्यायला अजून पुष्कळ कापड होतं.