बिब्ब्याचे डाग

अपिलाच्या अर्जावर सही करायची राहिली होती आणि मी सकाळपासून अंगणात येरझारा घालत होतो. बसलं की डोकं ठणकायचं, उभं राहिलं की अर्ज आठवायचा.

सीमेवर एकदा तोफगोळा जवळच फुटला. जखम झाली नाही, पण तेव्हापासून हे दुखणं लागलं. मी हवालदार. सिक रिपोर्टला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांकडे, जाणाऱ्या जवानांना ‘नाजूक नवरी’ म्हणून चिडवणारा. मीच कसा जाणार? सुट्टीत आरमोरीजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा मायनं जंगलातला बिब्बा तापवून त्याचं तेल दोन्ही कानशिलांवर लावलं. कातडी भाजली, डाग कायमचे राहिले.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांनी विचारलं, “हे डाग कसले?” युनिटच्या डॉक्टरांना टाळून घरी बिब्बा लावून घेतला, हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, “लहानपणचे, साहेब. डोकं दुखायचं.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. दुखणं भरतीच्या आधीचं, म्हणून पेन्शनसाठी अपंगत्वाची टक्केवारी शून्य.

घरी मी सांगितलं, डाग पाहून त्यांनी तसं लिहिलं. त्या दिवसापासून माय माझ्या तोंडाकडे नीट बघेना. शेजारणीला ती म्हणाली, “माह्याच हातानं पोराचं वाटोळं झालं, बाई.” मी ऐकलं आणि दार लोटून घेतलं. वर्षभर गप्प राहिलो.

आता अपिलासाठी, बिब्बा कधी आणि का लावला, याचं मायचं प्रतिज्ञापत्र वकिलांना हवं होतं. ती ओसरीवर मासोळीचं जाळं सांधत बसली होती.

“अंड्यावर आलेल्या कोंबडीवानी काऊन फिरून राह्यला? आन तो कागद, अंगठा लावतो.”

“माय, डाग पाहून नाई लिहिलं त्यायनं. लहानपणचे म्हणून मीच सांगितलं.”

तिचा हात थांबला.

“लहानपणी तुह्यं डोकं कधी दुखलं रे?”

“नाई.”

“मंग मले वरीसभर काऊन रडवलं?”

तिनं गाठ ओढली. “माह्या कागदात लिव, बिब्बा मी लावला. तुह्या कागदात लिव, तू खोटं बोलला. मंगच अंगठा लावतो.”

वकिलांनी अर्जात ‘बोर्डाचा गैरसमज झाला’ असं लिहिलं होतं. ती ओळ मी खोडली आणि वर लिहिलं, ‘मी बोर्डासमोर खोटं बोललो.’ याने अपील तरेल की बुडेल, कळत नव्हतं.

“वाच,” माय म्हणाली.

मी वाचलं.

“जोरानं वाच. शेजारणीले आयकू दे.”