डिंकवाल्याच्या खांद्यावर

गोष्ट ऐकावी तर आमच्या आत्याच्या तोंडून, असं गावातल्या सगळ्या बायका म्हणत. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावी दिलं होतं. नवरा तापानं गेला, पदरी मूल नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून ती आमच्यातच होती. नागपूरचं राज्य जाऊन आपण मुंबईच्या राज्यात आलो, असं बाबा सांगत; त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही हकिकत. मी आठ-नऊ वर्षांची असेन.

हिवाळ्यात घरात कापूस येई. दुपारी शेजारपाजारच्या बायका आमच्या ओसरीत बसून किडका, पिवळा पडलेला कापूस चांगल्यातून वेगळा काढत, आणि आत्या गोष्ट सांगे. तिचे हात थांबत नसत. आवाज मात्र ती असा खाली आणायची की बायका आपोआप पुढे सरकत.

त्या वर्षी बोरी अरबच्या वाटेवर नदीवर पूल बांधायला घेतला होता. त्याचा एक खांब कलला, असं कोणीतरी बाजारातून ऐकून आलं. आत्याला तेवढं पुरलं.

"नदी माणूस मांगून राह्यली," ती म्हणाली. "मोठं माणूस नाही. लेकरू. लेकराशिवाय खांब उभा राहू देत नाही म्हणते. आता पूलवाल्याईनं माणसं सोडली हायेत गावोगाव. खांद्यावर पोतं असते त्याईच्या."

"अन् लेकरू वरडत नाही काय वं?" एकीनं विचारलं.

"कायले वरडते? तो मारत नाही, दटावत नाही. गोड बोलते. लेकरू पडलं त उचलते, डोळे पुसते. माया लावते. लेकरू आपल्या मनानं त्याच्या खांद्यावर बसते. पुलाजवळ गेल्यावरच त्याले समजते."

मारणाऱ्या माणसाची भीती मला माहीत होती. त्याच्यापासून पळायचं असतं. पण डोळे पुसणाऱ्यापासून कसं पळायचं?

आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली, आणि गावात ती आत्याची राहिली नाही. कोणी म्हणे, दारव्ह्याकडे दोन लेकरं गेली. कोणी म्हणे, आपल्याच नाल्यात पोतंवाला दिसला. तांड्यावरच्या बायका मोळ्या विकायला यायच्या, त्यांना लोक वेशीवरूनच परत पाठवू लागले. आमच्या शेजारचे काका तर दिवसभर दारात काठी घेऊन बसत. त्यांची पहिली लेकरं जगली नव्हती. एकच मुलगी हाती लागली होती. फार मऊ माणूस. बैलावरसुद्धा कधी चाबूक उगारला नाही. आता मात्र अनोळखी माणूस दिसला की त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची.

एके दिवशी मी सकाळी गड्याबरोबर शेतात गेले होते. दुपारी कंटाळले. बाबा आणि माय कापसाच्या पऱ्हाटीत आत कुठेतरी वेचणीवर होते. गाव समोर दिसत होतं, म्हणून कुणालाही न सांगता मी घरी निघाले.

मध्ये नाला लागतो. नाल्याच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्याजवळ एक माणूस ओणवा होऊन पाणी पीत होता. काळासावळा, उघडा, कमरेला आखूड धोतर. शेजारी पोतं.

मी पळाले. दगडावरून पाय मुरगळला आणि तोंडावर पडले. उठता येईना. मागून रेतीत पावलं वाजली. मी कोपरांवर सरपटत पुढे जाऊ लागले.

तो माझ्याजवळ उकिडवा बसला. "नको रडू, बाई," म्हणाला. त्याची मराठी तुटकी होती. पाय हातात घेऊन त्यानं घोटा चाचपला, ओंजळीनं पाणी आणून त्यावर ओतलं, माझं तोंड पुसलं. तो जितका हळू बोलत होता तितकी मी गारठत होते. सगळं अगदी आत्यानं सांगितलं तसंच चाललं होतं. त्यानं मला एखादी चापट मारली असती, तर मला धीर आला असता.

"घर?" त्यानं विचारलं. मी बोट दाखवलं नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, गावाकडचा धूर पाहिला, मला एका खांद्यावर घेतलं, दुसऱ्यावर पोतं टाकलं आणि चालू लागला. पोतं माझ्या गुडघ्याला घासत होतं. आत काहीतरी खडखड वाजत होतं. मला वाटलं, हाडं.

पुढे चिंचेजवळ वाट फुटत होती. उजवीकडे गाव, डावीकडे नदी. मी डोळे मिटून घेतले. आता वळेल, आता वळेल, असं मनात म्हणत राहिले. डोळे उघडले तेव्हा चिंच मागे पडली होती आणि समोर गावची वेस होती. तरी माझी भीती गेली नाही. वाटलं, यात पण काही डाव असेल.

शेजारच्या काकांनी आम्हाला सगळ्यांत आधी पाहिलं. "पोट्टी नेली! पोट्टी नेली!" असा त्यांचा आवाज मी ऐकला. माणूस तर गावाकडेच येत होता, पण ते कोणी पाहिलं नाही. घराघरांतून माणसं धावत आली.

पहिली काठी पडली तेव्हा मी त्याच्या खांद्यावरच होते. ती त्याच्या पाठीत बसली, आणि तिचा धक्का माझ्या पोटाला जाणवला. तो पडला नाही. आधी तो खाली वाकला, दुखरा पाय जमिनीला लागू नये अशा बेतानं त्यानं मला ठेवलं, आणि मग डोक्यावर हात घेतले.

काठ्या मारणारे मला सगळे ओळखीचे होते. कोणी मला बोरं दिली होती, कोणी बैलगाडीत बसवलं होतं. काका तर रडत मारत होते. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि ते पुन्हा पुन्हा "माही पोरगी, माही पोरगी" म्हणत होते. त्यांची पोरगी घरात सुखरूप होती. तो माणूस आपल्या बोलीत एकच काहीतरी सारखं म्हणत होता. कोणाला ते समजलं नाही.

एकानं पोतं उलटं केलं. आतून डिंकाचे खडे सांडले. पिवळे, लाल, उन्हात चमकणारे. क्षणभर सगळे थांबले. मला वाटलं, आता सोडतील. पण कोणीतरी म्हणालं, "हे वरून दाखवाले ठेवते! दोर आणा बे! लिंबाले बांधा!" दुसरा म्हणाला, "पाय तोडा याचे, म्हणजे दुसऱ्या गावात जाणार नाही." मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी बायका खाली वाकून डिंकाचे खडे पदरात घालत होत्या. ते मी पाहिलं.

तेवढ्यात आत्या आली. ओसरीतून तशीच उठून आली होती. लुगड्याला कापूस चिकटलेला होता. तिनं मला पाहिलं, त्याला पाहिलं, पोतं पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. नंतर ती घोळक्यात शिरली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली.

"मारू नोका! माह्या सासरचा माणूस हाय हा!"

काठ्या वरच राहिल्या.

"तुह्या सासरचा?" काकांनी विचारलं. त्यांना धाप लागली होती.

"हो. सासऱ्यानं धाडला मले भेटाले." मग ती त्या माणसाकडे वळून त्याच्या बोलीत काहीतरी बोलली. सासरी असताना ती तिकडच्या कोलाम आदिवासींच्या बायकांबरोबर रानात जायची, तिला ती बोली थोडी येत होती. त्यानं सुजलेला डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मंग सिध्धा घरी काहून नाही आला? पोट्टीले काहून उचललं?"

"मीच धाडलं होतं तिले, नाल्यापाशी, त्याले घेऊन याले. पुसा तिले."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी धुळीत बसले होते. काका माझ्यासमोर वाकले, काठी तशीच हातात होती. "खरं हाय का वं, बाई?" त्यांनी अगदी हळू, प्रेमानं विचारलं. मला त्या प्रेमळ आवाजाची इतकी भीती वाटली की मला लघवी झाली. त्यांच्या खांद्यावरून आत्याचे डोळे दिसत होते.

"हो," मी म्हणाले.

लोक पांगले. आत्यानं त्याला धरून ओसरीत आणलं, जखमांवर हळद दाबली, भाकर पुढे ठेवली. जबडा सुजल्यामुळे त्याला ती चावेना. तो फक्त पाणी प्यायला. त्याची लेक आणि जावई पुलावर खडी फोडायला गेले होते. त्यांना भेटायला तो इतक्या लांब चालत निघाला होता, आणि वाटखर्चाला म्हणून डिंक विकत होता.

"मार खाताना तो काय म्हणत होता?" मी आत्याला विचारलं.

"पोरीचा पाय. पोरीचा पाय, म्हणत होता."

संध्याकाळी बाबा आले. आत्यानं त्यांना खरं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले, मग म्हणाले, "अंधार पडायच्या आत त्याले बोरीच्या वाटेले लावून देतो. अन् हे दुसऱ्या कोणाले बोलू नको." त्यांनी स्वतः त्याला नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला विचारलं, "तू सांगितलेला पोतंवाला खोटा होता?"

"म्या कुठं पाह्यला होता त्याले?"

"मंग सांगत काहून होती?"

तिनं पुढ्यातला किडका कापूस बाजूला काढला. "सगळ्याजणी माह्याकडे पाहात होत्या ना वं," एवढंच म्हणाली. नवरा गेलेल्या बाईकडे गावात कोणी बघत नसे, आणि बघितलं तर चांगल्या नजरेनं नसे, हे मला पुढे कळलं. गोष्ट सांगत असतानाच तेवढी ती ओसरीच्या मधोमध बसलेली असायची.

काही दिवसांनी तिच्या सासरकडून एक पाहुणा गावात आला. आमचा कोणी माणूस इकडे आलाच नाही, असं तो पारावर बोलून गेला. झालं. गावाला नवी गोष्ट मिळाली. तो कोण होता मग? विधवा बाई त्याच्या अंगावर आडवी कायले झाली? पोरीला नाल्यावर धाडून ती त्याला बोलावत होती, हे तर तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ओसरीत बसणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. विहिरीवर आत्या गेली की पोहरे उचलून बाजूला होत. एकदा तिच्या घागरीत कोणीतरी शेण टाकलं. मी शाळेतून येताना मुलं मागून विचारत, "तुह्या आत्याचा कोलाम आला का वं?"

मला खरं सांगून टाकायचं होतं. आत्यानं माझं मनगट धरलं. "सांगितलं त त्या माणसाले मारल्याचं पाप गावाच्या माथ्यावर येते," ती म्हणाली. "ते त्याईले सोसत नाही. मंग सारे तुह्यावरच येतीन."

ती चूक होती की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. मात्र त्या दिवसांत मी झोपेतून दचकून उठायचे ते नदीच्या भीतीनं नव्हे. स्वप्नात सगळी ओळखीची तोंडं माझ्याकडे वळलेली असायची.

शेवटी आत्यानं दारव्ह्याला कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला जायचं ठरवलं. तिथं तिच्या ओळखीची एक बाई राहत होती. बाबांची गाडी मोडली होती, आणि आत्याला दारव्ह्यापर्यंत नेऊन सोडायला गावातला एकही गाडीवान तयार होईना.

सकाळी दार उघडलं तर शेजारचे काका गाडी जुंपून उभे होते. त्या दिवसापासून ते आमच्याशी बोलले नव्हते. गाडीत त्यांनी कडबा पसरून वर गोधडी घातली होती.

"चालता का?" त्यांनी आत्याला विचारलं. तिच्याकडे न बघता, बैलांच्या गळ्यातली जोती सारखी करत.

आत्या थोडा वेळ उंबऱ्यात थांबली. मग गाठोडं घेऊन गाडीत चढली. काकांनी हात पुढे केला होता. तो तिनं धरला नाही.

"बसल्या का बरोबर?"

"हो. हाका."

मी मायच्या पदराला धरून उभी होते. त्या दिवशी काठी धरलेले काकांचे दोन्ही हात आता कासऱ्यावर होते, अगदी सैल.