पहिली डिस्क खरी

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना खात्रीसाहेब म्हणत. कुणी काही सांगितलं की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खात्री केलीत?" घड्याळात किती वाजले हे विचारलं तरी ते आधी दुसऱ्या घड्याळाकडे बघत. घरून निघताना गॅसचं बटण तीनदा आणि कुलूप चारदा ओढून बघायचा त्यांचा नेम होता. बायको आतून खिडकीत उभी राहून मोजायची आणि चौथ्या ओढीला म्हणायची, "झालं, आता निघा. मी आतच आहे."

दवाखान्यातल्या संगणकांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. खरा जीव मात्र लिफ्टशेजारच्या अरुंद खोलीतल्या एका काळ्या पेटीत अडकलेला. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, पुढे दोन हिरवे दिवे, आत दोन डिस्क. रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे अकरा वर्षांचे फोटो त्या पेटीत होते आणि प्रत्येक फोटो दोन्ही डिस्कवर होता, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. पेटी जुनी. तिचा कर्नल, म्हणजे ज्याच्या जिवावर बाकी सगळं चालतं तो मूळ गाभा, त्याहून जुना. बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात वर केले होते. शेवटच्या सुधारणेबरोबर फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, बदलायचा सल्ला आला होता. नवी फाइलसिस्टिम प्रत्येक तुकड्यावर खूण ठेवते, तुकडा बिघडला की ओळखते, असं त्यात लिहिलं होतं. खात्रीसाहेबांनी चार ठिकाणी चौकशी केली आणि कळलं की इतक्या जुन्या कर्नलवर ती धड टिकत नाही, मधेच अडकून बसते. त्यांनी नकार दिला. यात ते चुकले नव्हते, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण मग नवी पेटी घ्या म्हटल्यावर ते म्हणाले, "नव्या पेटीचा काय भरवसा?" आणि विषय मिटला.

त्याऐवजी दर रविवारी सकाळी, दवाखाना बंद असताना, ते येऊन बसत. पेटीला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर दोन बटणं होती. एक 'तपासणी', दुसरं 'तपासणी व दुरुस्ती'. नुसतं तपासून काय लोणचं घालायचंय, असं म्हणून ते दुसरं दाबत. तीन तासांनी आकडा येई, दुरुस्त केलेल्या चुका बारा. कधी सतरा. खात्रीसाहेब समाधानानं मान डोलवत. आपण नसतो तर या सतरा चुका कुणी पकडल्या असत्या, असं त्यांना मनापासून वाटे.

एका बुधवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना वर बोलावलं. समोर एक म्हातारा शिंपी बसला होता. त्याच्या डाव्या डोळ्यात एक डाग होता आणि तो सहा वर्षांत वाढला की तेवढाच आहे, यावर डोळ्याला हात लावायचा की नाही हे ठरणार होतं. डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो उघडला. वरचा अर्धा लालसर, स्वच्छ. खालचा अर्धा राखाडी, पोतेरं फिरवल्यासारखा.

"हे काय आहे?"

खात्रीसाहेबांनी फोटो बंद करून पुन्हा उघडला, तो तसाच होता. "बघतो," एवढंच म्हणाले. शिंपी जाताना म्हणाला, "साहेब, सापडेल ना? सुईत दोरा अजून मीच ओवतो."

संशय घ्यायला त्यांना वेळ कधीच लागला नव्हता. आधी वायरवर घेतला, मग विजेवर, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटोवालीवर जाऊन बसला. फोटोवाली म्हणजे यंत्रावर रुग्णांचे फोटो काढणारी तिशीतली बाई. कामाला चोख, बोलायला फटकळ. गेल्याच शनिवारी लिफ्टशेजारच्या खोलीतून बाहेर येताना तिनं काहीतरी चटकन जेवणाच्या पिशवीत सरकवलं होतं. तेव्हाच खात्रीसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली होती. गुरुवारी त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"पिशवीत काय आहे?"

"डबा."

"आणि डब्याखाली?"

तिनं पिशवी उघडली. डब्याखाली रुमालात गुंडाळलेली एक डिस्क होती. "फोटोंची कॉपी आहे, काका. तीन वर्षांपूर्वी सगळे जुने घेतले, तेव्हापासून दर महिन्याला नवे घेते."

"कुणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही घेऊ दिली असती? तुमच्या पेटीवर माझा काडीचा विश्वास नाही. माझी मेहनत आहे त्यात."

दुसऱ्या कुणाला त्यात आपलाच जातभाई दिसला असता. खात्रीसाहेबांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. रुग्णांचे फोटो घरी नेणं नियमात बसत नाही, हे खरंच होतं. पण त्यांनी तक्रारीत तेवढंच लिहिलं नाही. कॉपी घेताना हिनं हयगय केली आणि मूळ फोटो त्यामुळे बिघडले, असंही ठोकून दिलं. एरवी तिला अगंतुगं करणारे खात्रीसाहेब त्या कागदाबद्दल सांगताना तिला 'अहो बाई' म्हणू लागले, इतके परके झाले. सोमवारी निर्णय होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं गेलं. नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते. खात्रीसाहेबांनी पासवर्ड बदलला, खोलीला नवं कुलूप लावलं, आणि ते चारदा ओढून पाहिलं.

रविवारी ते नेहमीसारखे आले, पण या खेपेला त्यांना पुरावा हवा होता. ती नसताना काहीही बिघडत नाही, एवढं दाखवलं की झालं. त्यांनी पन्नास जुने फोटो निवडले, एकेक उघडून धड असल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि प्रत्येकाच्या फाइलमधल्या आकड्यांची बेरीज संगणकाकडून काढून कागदावर उतरवली. फाइलमधला एक कण जरी हलला तरी ती बेरीज पार बदलते. मग त्यांनी नेहमीचं बटण दाबलं. तपासणी व दुरुस्ती.

तीन तासांनी आकडा आला. दुरुस्त केलेल्या चुका, एक्केचाळीस.

ते बेरजा ताडून बघू लागले. अठराव्या फोटोची जुळली नाही. त्यांनी पुन्हा काढली. पुन्हा नाही. फोटो उघडला तर खालचा अर्धा राखाडी. सकाळी हाच फोटो त्यांनी अख्खा पाहिला होता. पुढे आणखी दोन निघाले.

खोलीला कुलूप होतं. किल्ली खिशात होती. पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. खात्रीसाहेबांनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली, अगदी दारामागेसुद्धा पाहिलं. मग त्यांनी कपाटातून पेटीचं जुनं माहितीपुस्तक काढलं. दुरुस्तीच्या पानावर एक ओळ होती. दोन डिस्कमध्ये फरक आढळल्यास पहिल्या डिस्कवरील मजकूर खरा मानून दुसरीवर लिहिला जाईल. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती आणि समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तम'.

पहिली डिस्क गुपचूप सडत होती. दुसरी बिचारी खरं धरून होती. पेटी कधी हिच्याकडून वाचायची, कधी तिच्याकडून, म्हणून सकाळी फोटो धड दिसला. आणि दर रविवारी खात्रीसाहेब स्वतः येऊन, बटण दाबून, पहिलीचं खोटं दुसरीवर लिहवून घेत होते. कधीपासून, कुणास ठाऊक. जगातल्या प्रत्येकावर संशय घेतलेल्या या माणसानं त्या बटणावर मात्र कधी घेतला नव्हता.

पडद्यावर खाली आणखी एक बटण होतं, 'नोंदी पुसा'. खात्रीसाहेबांचा हात माउसवर होता आणि बाण त्या बटणापर्यंत गेलाही. एकदा दाबलं की कुणाला कधी कळलंही नसतं. बराच वेळ तो तिथेच होता. तेवढ्यात बायकोचा फोन आला. जेवायला येताय का, कुलूप ओढलंत का, असं ती चेष्टेनं विचारत होती. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

"त्या पोरीला आजच गाठा," ती म्हणाली. "उद्यावर टाकू नका."

"उद्या मीटिंगमध्ये सांगतोच की."

"अहो, मी तुम्हाला ओळखते. उद्यापर्यंत तुम्हाला काहीतरी वेगळं सुचेल."

त्यांना राग आला, कारण त्यांना ते सुचायला लागलंच होतं.

दुपारी चारला त्यांनी फोटोवालीच्या दाराची बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

"काय काढलंय आता माझ्यावर?"

"तुझी डिस्क तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे. जप्त करायला आलात?"

"त्यात सहा वर्षांपूर्वीचा एका शिंप्याचा फोटो आहे का, बघशील? डावा डोळा." मग ते साखळीकडे बघत म्हणाले, "पेटी माझ्या हातून बिघडली. मी बिघडवली. तुझा काही संबंध नव्हता."

साखळी निघाली नाही. पावलं आत गेली. खात्रीसाहेब पायपुसण्यावर उभे राहिले. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावून गेलं. बऱ्याच वेळानं ती परत आली.

"आहे. अख्खा आहे."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून फटीतून आत दिला. डॉक्टरीणबाईंना लिहिलेलं पत्र होतं. बटण, तारखा, एक्केचाळीसचा आकडा, तक्रार खोटी असल्याची कबुली, खाली सही. तिनं ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"फोटोची कॉपी देईन," ती म्हणाली. "डिस्क माझ्याकडेच राहील."

"राहू दे. बरोबर आहे."

"आणि काका, हा कागद उद्या तुम्ही बदलणार नाही कशावरून?"

एरवी हा प्रश्न त्यांनी विचारला असता. दुपारी तो बाण कुठे थांबला होता ते त्यांना आठवत होतं.

"कशावरूनच नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या खिशातून आणखी एक कागद काढला. "म्हणून दोन प्रती केल्यात. एक तुझ्याजवळ ठेव."

फोटोवालीनं दुसरा कागद घेतला. दोन्ही भिंतीवर शेजारीशेजारी धरले आणि बोट ठेवून, एकेक शब्द ताडून बघायला लागली. खात्रीसाहेब साखळीच्या अलीकडे उभे होते. तिनं एकही ओळ गाळू नये असं त्यांना वाटत होतं.